चेंडू न बघणारे कर्णिक

कर्णिकांकडे सामना बघायला बसायचं तर एकच अट होती: चेंडूकडे बघायचं नाही.

ही अट मला पहिल्यांदा कळली ती २०१२ च्या वाईतांगी डेला, न्यूझीलंडच्या राष्ट्रीय दिनाला. अमेरिकेतला रविवार आमच्याकडे सोमवार म्हणून उगवतो, आणि त्या वर्षी सुट्टीही सोमवारीच आली होती. त्यामुळे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना नेमका आमच्या रिकाम्या दुपारी पडला. एरवी कर्णिक त्यासाठी रजा टाकायचे. या वेळी सरकारनेच दिली, असं ते भेटेल त्याला सांगत होते. मी आणि माझा नवरा हॅमिल्टनला येऊन काही महिनेच झाले होते. जेवायला या म्हणाले, गेलो. पुरी-भाजीची ताटली मांडीवर घेऊन मी सोफ्यावर बसले आणि जो माणूस चेंडू घेऊन पळत होता त्याच्याकडे, कोणीही बघेल तशी बघायला लागले.

"कुठे बघताय?" कर्णिकांनी विचारलं.

"त्या पळणाऱ्याकडे."

"त्याच्याकडे अख्खं जग बघतंय. तुमची तिथे काही गरज नाही. मधोमध बघा. तो वाकून चेंडू मागे देणारा दिसतोय? त्याच्या डाव्या-उजव्या हाताला जे दोन धिप्पाड आहेत ना, ते गार्ड. सामना तिथे चाललाय."

"अहो, पण खेळ चेंडूचाच ना?" माझा नवरा म्हणाला.

"लग्नात सगळे नवरीकडे बघतात. पण पंगत कोण सांभाळतंय, वरपक्षाच्या काकांना कोण आवरतंय, ते बघा. लग्न तिथे पार पडतं."

टीव्हीचा आवाज बंद होता. समालोचक म्हणजे चेंडूचे भाट, असं त्यांचं मत. त्यांची मुलगी केतकी तेव्हा ऑकलंडला सिव्हिल इंजिनियरिंग शिकत होती आणि सुट्टीला घरी आली होती. तिने दारातून डोकं आत घातलं आणि मला म्हणाली, "मावशी, रन. सेव्ह युअरसेल्फ. ही विल ड्रॉ डायग्राम्स."

त्यांनी खरंच कागद काढला.

कर्णिक या हिवाळ्यात गेले. त्यांच्याबद्दल लिहायला बसले तेव्हा सवयीप्रमाणे आधी यादी केली: जन्म दादरचा, शिक्षण मुंबईत आणि नंतर अमेरिकेत, तिथे बारा-तेरा वर्षं नोकरी, मग न्यूझीलंड, पत्नी सुलभा, एक मुलगी. यादी बरोबर आहे. फक्त तिच्यात कर्णिक नाहीत. म्हणून ती बाजूला ठेवून जे आठवतं ते आठवेल तसं लिहिते.

आम्ही एकाच ठिकाणी काम करायचो. हॅमिल्टनच्या 'ते रापा' नावाच्या औद्योगिक भागात आमचं एक मध्यम आकाराचं वर्कशॉप होतं. दुधाच्या कारखान्यांचे पंप आणि झडपा आमच्याकडे दुरुस्तीला यायच्या. इथे हिवाळ्यात गाई आटतात, दूध थांबतं, कारखाने बंद होतात, आणि मग त्याच थोड्या आठवड्यांत सगळ्यांना सगळं दुरुस्त करून हवं असतं. कोणाचा पंप आधी उघडायचा आणि कोणाला नाही म्हणायचं, हे ठरवणं माझं काम. कर्णिक सीनियर इंजिनियर. ते मला 'यादीबाई' म्हणायचे. पहिल्या आठवड्यात मला राग आला, दुसऱ्या आठवड्यात मी स्वतःच फोनवर "यादीबाई बोलतेय" म्हणाले.

धिप्पाड माणसांची भक्ती करणारा हा माणूस अंगाने मात्र अगदीच काडी होता. कंपनीचं सगळ्यात लहान मापाचं जाकीट त्यांना गुडघ्यापर्यंत यायचं. पण चालायचे असे की समोर कोणीतरी चाल करून येतंय. खांदा पुढे, कोपरं जरा बाहेर, पावलं बुटकी आणि भराभर. बायकोबरोबर कुठेही गेले की दोन पावलं पुढे राहून वाट काढायचे.

एकदा दिवाळीच्या आधी आम्ही सगळे खरेदीला ऑकलंडला, पापाटोएटोला गेलो होतो. फराळाचं सामान, पणत्या, भाजणी, सगळं तिथे मिळतं, आणि त्या शनिवारी ते घ्यायला बहुतेक अर्धं ऑकलंड आलेलं होतं. दुकानात पाऊल ठेवायला जागा नव्हती. कर्णिक "एक्स्क्यूज मी, एक्स्क्यूज मी" करत, खांद्याने हळूच माणसं बाजूला सारत, थेट गल्ल्यापर्यंत पोचले. तिथे विजयी चेहऱ्याने मागे वळले. मागे सुलभाताई नव्हत्या. त्या बाहेर फुटपाथवर कोणा ओळखीच्या बाईंशी गप्पा मारत उभ्या होत्या.

"वाट किती सुंदर काढली होती मी!" परतताना गाडीत कर्णिक कुरकुरले.

"मला कुठे आत यायचं होतं? मी तुम्हाला म्हटलं होतं, आधी समोरच्या दुकानात जाऊ," सुलभाताई म्हणाल्या. "तुम्ही ऐकायला मागे बघता कधी?"

आम्ही सगळे हसलो. कर्णिकही हसले.

आता गार्ड म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला जेवढं कळलं तेवढंच सांगते. या खेळात चेंडू पुढे नेणारे वेगळे आणि त्यांच्यासाठी वाट मोकळी करणारे वेगळे. वाट मोकळी करणाऱ्यांची मधे एक रांग असते. त्या रांगेतले दोघे गार्ड. त्यांनी समोरून येणारा माणूस अडवायचा. कधीकधी आपली जागा सोडून रांगेच्या मागून आडवं धावत जायचं आणि चेंडूवाल्याच्या पुढे राहून त्याला वाट करून द्यायची. अख्ख्या कारकिर्दीत त्यांचा चेंडूला हात लागला नाही तरी चालतं. त्यांच्या नावावर धावा नाहीत, गोल नाहीत, काही नाही. त्यांचा उल्लेख माइकवर होतो तो एकाच प्रसंगी, चूक केली की. पंच पिवळा रुमाल टाकतो आणि सगळ्या मैदानाला त्यांचा नंबर ऐकवतो.

आणि ती चूक बहुतेक वेळा एकच असते. "ढकलता येतं," कर्णिक दोन्ही पंजे उघडून दाखवायचे, "पण धरता येत नाही. समोरच्याचा कपडा मुठीत आला की संपलं. हात उघडे ठेवायला ताकद लागते, यादीबाई. मूठ काय, आपोआप वळते."

कर्णिकांच्या मते खेळाच्या इतिहासात खरे थोर असे पाच गार्ड होऊन गेले. त्यांची नावं त्यांनी मला कधीच सांगितली नाहीत. "नाव सांगितलं की तुम्ही इंटरनेटवर आकडे शोधाल. गार्डचे आकडे नसतात." त्या पाचांना त्यांनी आपल्या मनाची नावं दिली होती. एक 'नांगऱ्या', कारण तो सरळ जमिनीलगत घुसायचा आणि मागे सरी पडायची. एक 'मुकादम', जो स्वतः अडवता अडवता बाजूच्या चौघांना कामाला लावायचा. एक 'मामा', कारण त्याच्या मागे पळणाऱ्याला मामाच्या गावाला गेल्यासारखं वाटत असणार. 'तबलजी' पायांच्या ठेक्यासाठी. पाचव्याला ते नुसतं 'तो' म्हणायचे. 'तो' खाली वाकून बोटं जमिनीला टेकवायचा तेव्हा बोटांच्या पेरांवर किती भार आहे ते कोणाला ओळखता यायचं नाही. पेरं पांढरी पडली तर गडी पुढे झेपावणार, भार कमी असला तर आडवा धावणार, हे समोरचे हेरून ठेवतात. 'तो' काहीच दिसू द्यायचा नाही.

हे सगळं त्यांना लागलं कुठून? अमेरिकेतल्या त्यांच्या कॉलेजच्या टीममधला एक गार्ड त्यांच्याबरोबर खोलीत राहायचा. त्याचं पुढे काही झालं नाही, तो विम्याच्या धंद्यात गेला. पण त्याने एका हिवाळ्यात, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, या दादरच्या मुलाला जुने सामने दाखवले आणि कुठे बघायचं ते शिकवलं. "मी तिथे नवा होतो. मला कोणी बघत नव्हतं," कर्णिक एकदा म्हणाले. "आणि मग कळलं, न बघितलं जाणं हीसुद्धा एक पोझिशन आहे. मानाची."

मानाची, हे खरं. पण अदृश्य राहण्याचा इतका गाजावाजा करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कामाच्या फळ्यावर आपलं नाव लिहू नये म्हणून ते माझ्या टेबलाशी येऊन इतकं मोठ्याने सांगायचे की सगळ्या वर्कशॉपला कळायचं, काम कोणी केलंय. गिऱ्हाईक चिडून आलं की हे तरुण फिटरांच्या पुढे जाऊन उभे राहायचे, सगळी बोलणी खायचे, आणि मग स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीत, ती बोलणी नकलेसकट सगळ्यांना ऐकवायचे.

मराठी मंडळाच्या गणपतीत एका वर्षी त्यांचा सत्कार ठरला. ते दर वर्षी महाप्रसादाची सगळी व्यवस्था बघायचे. अध्यक्षांनी शाल-श्रीफळ आणलं, माइकवरून नाव पुकारलं. कर्णिक हॉलच्या स्वयंपाकघरात. पुन्हा पुकारलं. मला बोलवायला पाठवलं.

"सांगा, मी मसालेभातात आहे."

"अहो, दोनशे लोक थांबलेत."

"यादीबाई, माइकवर नाव आलं. म्हणजे मी काय चूक केली ते आधी विचारून या."

शेवटी सुलभाताईंनी जाऊन शाल घेतली. त्या हिरवी पैठणी नेसून आल्या होत्या आणि शाल त्यांना शोभलीही. कर्णिक दाराच्या फटीतून बघत होते आणि शेजारच्याला म्हणत होते, "बघा, चेंडू कसा पोचला!"

वर्कशॉपमध्ये त्यांचा खरा प्रतिस्पर्धी होता सिओने. टोंगाचा, आमचा सगळ्यात अनुभवी फिटर, दारात उभा राहिला की आत अंधार व्हायचा. तरुणपणी रग्बी खेळलेला, पहिल्या फळीत. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं आणि एका बाबतीत कायमचं भांडण होतं. कर्णिकांनी एकदा स्मोकोला बिस्किटं मांडून दाखवलं, गार्ड जागेवरून कसा निघतो आणि चेंडूवाल्याच्या पुढे धावत समोरच्याला कसा उडवतो.

सिओनेने ते बिस्किट उचललं आणि खाल्लं. "ब्रो, हे ऑब्स्ट्रक्शन आहे."

"काय?"

"आमच्याकडे चेंडूवाल्याच्या पुढे जाऊन कोणाला अडवलंस तर पेनल्टी. तुझे पाचही देव इथे पहिल्या पाच मिनिटांत बाहेर."

"पण मग चेंडूवाल्याने जायचं कसं?"

"स्वतः. तू त्याच्या मागे राहायचं. तो पडला की पोचायचं."

"तोपर्यंत त्याला लागलं तर?"

"लागतंच, ब्रो," सिओने म्हणाला आणि दुसरं बिस्किट उचललं. "हीप्स, खूप लागतं."

कर्णिक हसले नाहीत. मागे राहायचं, ही कल्पनाच त्यांना रानटी वाटली. दुपारी पुन्हा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "मागे राहून काय उपयोग हो? मागून फक्त पडलेला दिसतो."

आता केतकीबद्दल. तिच्याशिवाय हे चित्र पुरं होणार नाही.

केतकी शिकली, ऑकलंडलाच नोकरीला लागली, तिथल्याच न्यू लिन उपनगरात एका फ्लॅटमध्ये दोन मैत्रिणींबरोबर राहायला लागली. मराठी तिला सगळं कळायचं, बोलायची अर्धं-अर्धं. बापासारखीच काटक आणि बापासारखीच ठाम. कर्णिक तिच्याबद्दल फार बोलायचे नाहीत. पण दर काही दिवसांनी ते कोणाला तरी फोन लावताना दिसायचे आणि सुरुवात ठरलेली असायची: "अरे, आमची केतकी तिकडे आहे ना..."

२०१७ साली तिने क्राइस्टचर्चच्या एका कंपनीत अर्ज केला. भूकंपानंतर ते शहर अजून उभं राहत होतं आणि जमिनीखालच्या पाण्याच्या वाहिन्यांचं काम तिला मनापासून करायचं होतं. तिने हे घरी सांगितलं. त्या कंपनीत कर्णिकांचा कॉलेजमधला मित्र होता, कुलकर्णी. पुढे काय झालं ते मराठी वाचकाला सांगायला नको. कर्णिकांनी फोन केला. "पोरगी येतेय इंटरव्ह्यूला. सवलत काही नको. फक्त माहीत असू दे."

फक्त माहीत असू दे. आपल्याकडे एवढं न सांगणं हाच मित्राचा अपमान झाला असता. पण कुलकर्णी निवड करणाऱ्यांपैकी एक होते आणि इथल्या रीतीप्रमाणे त्यांनी लगेच सगळ्यांना कळवलं, की उमेदवाराच्या वडिलांचा मला फोन आला होता, म्हणून मी या निवडीतून बाजूला होतोय. इंटरव्ह्यूच्या सुरुवातीला तिथल्या बाईंनी केतकीला ते अगदी सौजन्याने सांगितलं. तुझ्या वडिलांनी संपर्क केला होता, याचा निर्णयावर काही परिणाम होणार नाही, वगैरे. केतकीने त्यांचे आभार मानले, सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, आणि त्याच संध्याकाळी आपला अर्ज मागे घेतला.

मग तिने घरी फोन केला. सुलभाताईंनी मला नंतर सांगितलं. ती ओरडली नाही. तिने फक्त एकेक विचारलं. पहिल्या वर्षाची सुट्टीतली नोकरी? कर्णिक म्हणाले, हो, तिथे देशपांडे होते. न्यू लिनचा फ्लॅट? घरमालकाशी जरा बोललो होतो. आत्ताची ही नोकरी? इथे कर्णिक थांबले. त्या थांबण्यानेच उत्तर दिलं.

"तर मग माझं काय आहे, बाबा?" ती मराठीत म्हणाली. "टेल मी वन थिंग. एक सांगा, जे मी केलं."

त्यानंतर ती वडिलांशी बोलेनाशी झाली. आईशी रोज बोलायची. बाबांची तब्येत आईला विचारायची. पण कर्णिकांनी फोन घेतला की पलीकडे शांतता, मग "आईला द्या."

कर्णिक माझ्या टेबलाशी आले ते दोन-तीन दिवसांनी. हिवाळा होता, पंपांची रांग लागली होती, मी मान वर केली नाही.

"यादीबाई, तुम्ही सांगा. मी काय तिच्या जागी परीक्षेला बसलो? पेपर फोडला? एक फोन केला."

"एकच नव्हता म्हणतात."

"बरं, चार केले. बाप नाही करणार तर कोण करणार? आम्ही आलो तेव्हा आमच्यासाठी कोणी होतं का फोन करायला? मला माहीत आहे, कोणी नसलं की काय होतं." ते थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचं ती ऐकते. तुम्ही जरा तिच्याशी बोलून बघता?"

मी पेन खाली ठेवलं. "म्हणजे आता मी फोन करायचा. तुमच्या वतीने. तिच्या वाटेत."

  पलीकडच्या बाकावर सिओने एक झडप उघडत होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण एवढं कळायला ते लागतही नव्हतं. तो नुसतं म्हणाला, "ऑब्स्ट्रक्शन, ब्रो?" चेष्टेने नाही, अगदी हळू, पाय दुखतोय का असं विचारावं तसं.

"हो," कर्णिक म्हणाले. आणि आपल्या कामाला गेले.

त्या वर्षी त्यांनी सामन्यासाठी सोमवारची रजा मागितली नाही. सामने रेकॉर्ड करून ठेवायचे आणि बघायचे नाहीत, असं सुलभाताई म्हणायच्या. एकदा मी काही द्यायला त्यांच्याकडे गेले तर ते टीव्हीसमोर बसलेले, पडद्यावर सामना थांबवून ठेवलेला. सगळे खेळाडू वाकलेले, चेंडू अजून सुटलेला नाही. "काय बघताय?" विचारलं तर म्हणाले, "इतकी वर्षं मी म्हणतोय, चेंडू बघू नका. चेंडू घेऊन पळणाऱ्याचा चेहरा कसा असतो, ते मला आठवेना. म्हणून बघायचं होतं. पण शिरस्त्राणात चेहरा दिसत नाही हो."

  सुलभाताईंनी चहा आणला, तो आम्ही प्यायलो.

फोन करणं मात्र त्यांनी सोडलं. हे सोपं नव्हतं, मी बघत होते. केतकीने पुन्हा अर्ज करायला सुरुवात केली आहे, हे त्यांना सुलभाताईंकडून कळायचं. ते डब्याच्या वेळी वर्कशॉपच्या मागच्या अंगणात, मोबाइल हातात घेऊन, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत चालायचे. एकदा मी खिडकीतून बघितलं तर त्यांनी नंबर काढला, बराच वेळ बघितला, आणि मोबाइल नेऊन सिओनेच्या हातात दिला. सिओनेने तो खिशात टाकला आणि सुट्टी संपल्यावर परत केला. पुढे बरेच दिवस ही पद्धतच पडली. 

पुढच्या वर्षी केतकीला नोकरी लागली. इन्व्हरकारगिलला. नकाशात त्याच्याखाली जवळजवळ समुद्रच आहे. पाणीपुरवठ्याचं काम. "तिथे ह्यांच्या ओळखीचं कोणी नाही ना, ते तिने आधी बघून घेतलं असणार," सुलभाताई म्हणाल्या आणि हसता हसता डोळे पुसले.

तिचं बरंचसं सामान हॅमिल्टनच्या घराच्या गॅरेजमध्ये होतं. पलंग, पुस्तकांचे खोके, एक सायकल, आजीचं शिवणयंत्र. ती जुनी गाडी आणि विकत घेतलेला त्याहून जुना ट्रेलर घेऊन शनिवारी येणार, सामान भरणार आणि दक्षिणेला निघणार, असं ठरलं. सुलभाताईंनी मला बोलावलं. काय कुठे बांधायचं, कुठला खोका खाली, कुठला वर, हे ठरवायला कोणीतरी हवं होतं. मी यादी घेऊन गेले. उचलायला सिओने आला.

तोवर ऑकलंडला माझ्या नवऱ्याची बदली ठरली होती आणि आम्हीही आवराआवरीत होतो. त्यामुळे हा शनिवार माझ्याही निरोपाचा होता, पण त्याचं कोणाला भान नव्हतं, मलाही नाही.

दिवसभर घरात विचित्र कारभार चालला. "आई, बाबांना सांग, तो दोर नको." कर्णिक तिथेच दोर धरून उभे. "आई, बाबांना विचार, हा खोका कोणाचा." कर्णिक उत्तर द्यायचे सुलभाताईंकडे बघून. मधे उभ्या सुलभाताई दोन्ही वाक्यं पुन्हा म्हणायच्या देखील नाहीत, नुसत्या मान वळवायच्या. शेवटी सिओनेने पलंग एकट्याने उचलून ट्रेलरवर ठेवला, मी यादीवर शेवटची खूण केली आणि ताडपत्री बांधून झाली.

कर्णिकांचं घर मागच्या प्लॉटवर होतं. रस्त्यापासून घरापर्यंत एक लांब, अरुंद बोळ. एका बाजूला शेजाऱ्याची मेंदीसारखी कापलेली झुडपं, दुसऱ्या बाजूला लाकडी कुंपण, टोकाला टपालपेट्या. केतकी सकाळी रिकामा ट्रेलर घेऊन सरळ आत आली होती. आत वळायला जागा नव्हती. आता भरलेला ट्रेलर उलटा बाहेर काढायचा होता. ज्याने हे केलंय त्याला माहीत आहे, गाडी डावीकडे वळवली की ट्रेलर उजवीकडे जातो, आणि सावरायला जावं तर जास्तच जातो.

ती बसली. थोडी मागे गेली. ट्रेलर झुडपांकडे झुकला. ती थांबली, पुढे आली, पुन्हा मागे गेली. आता ट्रेलर गाडीशी काटकोनात आला आणि चाक शेजाऱ्याच्या गवतात गेलं. ती परत पुढे आली.

"आय विल डू इट," सिओने म्हणाला आणि गाडीकडे निघाला.

कर्णिक त्याच्या पुढे जाऊन उभे राहिले. दोन्ही पंजे उघडे, सिओनेच्या छातीवर टेकवलेले. सिओनेने मनात आणलं असतं तर त्यांना उचलून टपालपेटीवर ठेवलं असतं. तो थांबला.

"नको," कर्णिक म्हणाले. "शी विल."

पुढची काही मिनिटं फार लांब होती. गाडी मागे, गाडी पुढे. रस्त्यावर एक गाडी येऊन थांबली, कोणीतरी अधीरपणे हॉर्न दिला. कर्णिकांची मान तिकडे वळली. हेच त्यांचं काम, रस्त्यात जाऊन उभं राहायचं आणि हात दाखवून जग थांबवायचं. त्यांचा एक पाय उचललाही गेला. मग त्यांनी तो परत खाली ठेवला.

ट्रेलर आता जवळजवळ सरळ होता, पण कुंपणाच्या फार जवळ. केतकीने गाडी थांबवली. आरशात बघितलं, मग दुसऱ्या आरशात. कुंपणाकडची बाजू तिला दिसत नव्हती. खिडकीची काच खाली आली.

"बाबा," ती म्हणाली. "तिकडे किती जागा आहे?"

सुलभाताईंनी माझा दंड घट्ट धरला.

कर्णिक कुंपणापाशी गेले. वाकले. चाक आणि लाकूड यांच्यामध्ये आपला हात कोपरापर्यंत घालून बघितला. त्यांना काय काय सांगावंसं वाटत असेल ते मला समोर दिसत होतं. स्टिअरिंग किती वळव, कुठे थांब, मी सांगतो तेव्हा ये. ते ताठ उभे राहिले.

"एक हात," त्यांनी सांगितलं.

"ओके. थँक्स."

काच वर गेली. ट्रेलर हळूहळू, अगदी सरळ, बोळातून बाहेर गेला. रस्त्यावर आल्यावर तिने गाडी सावरली, थांबलेल्या माणसाला हात केला आणि दोनदा हॉर्न वाजवून गेली.

मी कर्णिकांना पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं. पुढे फोन व्हायचे, पण भेट राहून गेली. सिओने आणि सुलभाताई घरात गेले. मी निघाले तेव्हा ते अजून कुंपणापाशीच होते, कडेच्या गवतात उमटलेल्या चाकाच्या खुणेपाशी वाकलेले, खूण आणि लाकूड यांच्यामध्ये पुन्हा हात घालून बघत.

"यादीबाई," ते म्हणाले, "एकच हात होता ना हो? मी बरोबर सांगितलं ना तिला?"